मास्तरांचा दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंगचे मास्तर बायकोचा काटा काढायला निघालेत, अशी कुजबुज एका हिवाळ्यात सगळ्या गल्लीत फिरत होती. अर्धांगवायूने उजवं अंग लुळं पडलेली ती बिचारी बाई. तिला चाकांच्या खुर्चीत घालून मास्तर गोदामामागच्या मैदानावर नेतात आणि सरळ स्टीअरिंगवर बसवतात म्हणे. एक दिवस तर तिने जिवाच्या आकांताने हॉर्न दाबून धरला, तेव्हा कुठे लेक धावत आली आणि आई वाचली. मास्तरांचा डोळा बाईंच्या विम्यावर आहे, हा भाग न्हाव्याच्या दुकानात जोडला गेला. दुसऱ्या लग्नाचा भाग कुणी जोडला हेही ठाऊक आहे, पण त्या बाई अजून हयात आहेत, तेव्हा राहू दे.

सगळंच खोटं असतं तर कुजबुजीला मजा नसती. मैदान खरं होतं, खुर्ची खरी होती, स्टीअरिंग खरं होतं आणि हॉर्नही खरा होता. म्हणून तर गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. आज रुबाबात गाडी उडवणारी कितीतरी मंडळी कधीकाळी त्यांच्या त्या पांढऱ्या, दोन्ही कुशींना पोचे आलेल्या गाडीत घाम गाळून गेलेली. शिकवणीच्या गाडीत असतो तसा मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, आणि तो ब्रेक म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. समोर कुत्रं दिसलं, दाब ब्रेक. कुत्रं दिसलं नाही पण दिसेल असं वाटलं, तरी दाब ब्रेक. वर शिकणाऱ्याकडे बघायचं असं, की जणू त्यानेच नुकतं कुणाला तरी चिरडलं. मास्तरांकडे शिकलेला माणूस परीक्षेला बसला की पहिल्या वळणावर हमखास गांगरायचा. गाडी आपोआप थांबत नसते, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळायचं.

स्वतःच्या बायकोला मात्र त्यांना गाडी शिकवता आली नाही. लग्नानंतर लवकरच मास्तरीणबाईंनी हट्ट धरला, मास्तरांनीही हौसेने बसवलं. चौकापर्यंत जाईतो मास्तरांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला, की बाईंनी भर रस्त्यात दार उघडलं, उतरल्या आणि चालत घरी आल्या. मागून गाडी घेऊन येणाऱ्या नवऱ्याला त्यांनी खिडकीतून सांगितलं, "मला गाडी चालवायची आहे. तुम्हाला ती थांबवायची आहे. थांबवायला एक माणूस पुरे, मी कशाला हवी?" तो विषय तिथे संपला. पण ते वाक्य गल्लीला पुढे कितीतरी वर्षं पुरलं, कारण बाई ते स्वतःच रंगवून सांगायच्या.

बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मास्तर बाहेर शिकवायचे आणि घरात शिकायचे, असं लोक म्हणत. हसणं मोठं, टोमणे नेमके, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची बित्तंबातमी. समोरच्या घरातल्या काकू दिवसभर खिडकीत बसून जे गोळा करायच्या, ते निवडून पाखडून वापरण्याजोगं करायचं काम मास्तरीणबाईंचं.

आणि अशा बाईचीच वाचा जावी. एका सकाळी ओट्याशी उभ्या असताना हातातला कप पडला. मास्तर आतून ओरडले की काय फोडलंस. उत्तर आलं नाही. बायको उत्तर देत नाही म्हटल्यावरच मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि बरंच झालं ते, कारण ते धावले आणि वेळेत दवाखान्यात पोचले. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय मात्र परक्याचे असावेत तसे लोंबू लागले, आणि एवढ्या शब्दांच्या धनिणीकडे एकच शब्द शिल्लक राहिला : "बरं." पाणी हवं असलं तरी "बरं", पाठ दुखली तरी "बरं", मास्तरांचा राग आला तरी "बरं". जन्मात जो शब्द तिने नवऱ्याला कधी ऐकवला नाही, नेमका तोच उरला. मास्तर हे स्वतः सांगायचे, हसायचे, आणि मग उगाचच चष्मा पुसत बसायचे.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. ती आली, आईला घरी आणेपर्यंत राहिली, आणि जाण्याआधी तिने मनातलं बोलून दाखवलं. तिच्या घराजवळ एक शुश्रूषा केंद्र होतं. स्वच्छ, उजेडाचं, चोवीस तास माणसं. आईला तिथे ठेवू, मी रोज भेटेन, असं तिचं म्हणणं. मुलगी काही दुष्ट नव्हती. बापाची कंबर तिला माहीत होती. हा माणूस आईला उचलायला जाणार, एक दिवस दोघंही न्हाणीघरात पडणार आणि दार आतून बंद असणार, हे तिला ढळढळीत दिसत होतं.

मास्तरीणबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि "बरं" म्हणाल्या. तो होकार नव्हता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्हाला साधा चहा करता येत नाही."

"चहा ती करायची. आता मी करीन."

शेवटी तडजोड झाली. शहरातलं मोठं इस्पितळ घरी सांभाळ करणाऱ्यांना फोनवरून, समोरासमोर दिसेल असं, शिकवत होतं. त्यात लेकीने बापाचं नाव घातलं. आपल्या मोठ्या सुट्टीत ती परत येणार आणि डोळ्यांनी बघणार. एका माणसाच्या आधाराने, पण स्वतःच्या बळावर आईला उठता आलं, तर आई इथे. आईला पोत्यासारखं उचलावं लागत असेल, तर आई तिकडे. म्हणजे सरळसरळ परीक्षाच होती. आयुष्यभर दुसऱ्यांना परीक्षेला बसवणारा माणूस आता स्वतः बसणार होता.

शिकवणाऱ्या फिजिओबाई लेकीच्याच वयाच्या असतील. केस घट्ट बांधलेले, मागे पांढरी भिंत, आणि आवाज असा की गोड वाटेपर्यंत काम करून घेतलेलं असायचं. पहिल्या दिवशी मास्तर फोन हातात धरून बसले, तर त्यांना मास्तरांच्या नाकपुड्यांखेरीज काही दिसेना. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाडीच्या काचेवरचा फोनचा स्टँड काढून कपाटाला डकवला. त्यानंतर गाडीतून एकेक वस्तू घरात यायला लागली. पलंगापुढची फरशी गुळगुळीत म्हणून गाडीतला रबरी पायपोस आला. कमरेला धरायला रुंद पट्टा हवा म्हणून भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट आला. आपण कुठे बसलोय ते बाईंना दिसावं, तोल कुठे जातोय ते कळावं, म्हणून बाजूचा आरसासुद्धा आला आणि भिंतीला ठोकला गेला. समोरच्या काकूंनी हे सगळं आत जाताना पाहिलं आणि मास्तर घरातच गॅरेज काढतायत अशी बातमी दिली.

पहिली बोलणी मास्तरांनी खाल्ली ती हातावरून. बायकोला उठवायचं म्हणून त्यांनी सवयीने तिचा लुळा हात धरला आणि ओढला.

"तो हात सोडा," फोनमधून आवाज आला. "दाराचं हँडल नव्हे तो."

मास्तर चमकले. फिजिओबाईंनी मग समजावलं की अशा हाताचा खांदा नुसत्या ओढण्याने निखळू शकतो. त्या हाताला खालून आधार द्यायचा, आणि धरायचं ते कमरेच्या पट्ट्याला. झगा घालताना आधी लुळा हात, काढताना शेवटी लुळा हात. उठण्याआधी तळपाय जमिनीवर सपाट, ते थोडे मागे घेतलेले, मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं, आणि मग उठायचं. मास्तर सगळं शिकले. खोटं कशाला बोला, झटपट शिकले. माणूस हाताचा कुशल, तंत्राला पक्का. बायकोला पलंगावरून खुर्चीत असं अलगद नेऊ लागले की बघणाऱ्याने वाहवा करावी. चहाही जमला. पहिल्या चहावर बाई म्हणाल्या, "बरं." तो मात्र रागाचा होता.

असा आत्मविश्वास वाढल्यावर मास्तरांनी स्वतःहून लेकीला बोलावलं, म्हणजे फोनवर. फिजिओबाई एका चौकोनात, लेक दुसऱ्या चौकोनात, आणि मास्तर दाढीबिढी करून तयार. बायकोच्या कमरेचा पट्टा धरला, गुडघे वाकवले, आणि हां हां म्हणता बाई खुर्चीत. मास्तरांनी फोनकडे पाहिलं. परीक्षकाने शेरा मारण्याची वाट बघत असतात ना, तसं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कौतुकाचं नव्हे. "बाबा, आईने काय केलं यात? तिचे पाय तर हवेत होते."

मास्तरांनी दुसऱ्या चौकोनाकडे पाहिलं. फिजिओबाईंनी त्यांची बाजू घेतली नाही.

"मास्तर, गाडी सुंदर चालवलीत," त्या म्हणाल्या. "पण लायसन त्यांना हवंय."

लेक म्हणाली की सुट्टी जवळ आलीय, केंद्रात जागा धरून ठेवते. तिने चौकोन बंद केला. मास्तर बायकोकडे न बघता फोन बंद करायला गेले, तेव्हा फिजिओबाईंनी थांबवलं. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मास्तरांनी पुढे ज्याला त्याला ऐकवलं, आणि दरवेळी आवाज थोडा खाली आणून.

"तुमच्या गाडीत दोन ब्रेक असतात, असं मुलगी सांगत होती," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघा. मी इथे, तुम्ही तिथे. तुमचा पाय घसरला तर मी धरू शकत नाही. माझ्याकडे एकही ब्रेक नाही. नुसतं सांगते, आणि तुम्ही कराल यावर भरवसा ठेवते. तेवढाच भरवसा तुम्ही त्यांच्यावर ठेवून बघा."

मास्तर म्हणाले की पडली म्हणजे? फिजिओबाई म्हणाल्या की पट्टा तुमच्या हातात राहीलच; खरंच पडताहेत असं दिसलं की धरायचं. पण पडतील असं वाटलं म्हणून धरायचं नाही.

कुत्रं दिसणं आणि कुत्रं दिसेल असं वाटणं, यातला फरक मास्तरांना त्या वयात शिकायचा होता. सोपं नव्हतं ते. दुसऱ्या दिवसापासून नियम असा झाला की बायको उठायला लागली की मास्तरांनी एका हाताने पट्टा नुसता, ढिला, धरायचा आणि दुसरा हात सरळ खिशात घालायचा. बोलायचंही नाही. मास्तर म्हणाले, न बोलणं जमेल, चाळीस वर्षांची सवय आहे. हात खिशात गेला. बाई पुढे वाकल्या, अडल्या, परत मागे बसल्या. पुन्हा वाकल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम, खिशातल्या हाताची मूठ. बाईंनी बूड पलंगावरून जरा उचललं, डुगडुगल्या आणि पुन्हा बसल्या. आणि मग त्या खाली बघत राहिल्या, मास्तरांच्या पायाकडे.

मास्तरांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. टाच टेकलेली, चवडा घट्ट खाली, बोटं पांढरी पडलेली. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता.

मास्तरीणबाई हसल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा, तोंडाच्या एकाच बाजूने, पण आवाज तोच जुना मोठा. समोरच्या काकू खिडकीत उठून उभ्या राहिल्या. फोनमधल्या फिजिओबाईंना काय झालं ते दिसेना, म्हणून मास्तरांनी ओशाळून स्टँड खाली वाकवला आणि आपला पाय दाखवला. मग तिकडूनही हसू आलं. "तो पाय उचलून ठेवा मास्तर," त्या म्हणाल्या, "निदान चप्पल तरी काढा, झिजेल."

तेव्हापासून बाई उठताना आधी त्या पायावर नजर टाकायच्या. पाय दाबलेला दिसला की उठायच्याच नाहीत. बसून राहायच्या आणि "बरं" म्हणायच्या, असा लांबवून, की त्यात लग्नानंतरचा तो चौक, ते उघडलेलं दार, सगळं यायचं. मास्तर मुकाट्याने पाय सैल सोडायचे. आणि एक दिवस, पाय सैल, हात खिशात, पट्टा ढिला, आणि बाई उभ्या. डावा पाय घट्ट, उजवा कसाबसा, पण खरोखर जमिनीवर. किती वेळ, ते मास्तरांना विचारू नका. त्यांच्या हिशेबाने अर्धा दिवस असेल. बाई खुर्चीत बसल्यावर मास्तर आत गेले आणि चहा करण्याच्या निमित्ताने बराच वेळ आतच राहिले.

आता पलंगावरून खुर्ची जमली. पण मास्तरांना लेकीचा स्वभाव ठाऊक होता. ती बापाचीच लेक, परीक्षक म्हणून आणखी कडक. घरात उठते हो, पण दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं गोळा करायची का, असं ती विचारणार. मास्तरांनी फिजिओबाईंना विचारलं की हिला गाडीत बसता येईल का? फिजिओबाईंनी विचार केला, आणि एका खुर्चीला गाडी मानून आपल्या पांढऱ्या खोलीत करून दाखवलं. पाय आधी घालायचा नाही. पाठ गाडीकडे करायची, सीटवर आधी बसायचं, डोकं सांभाळायचं, मग चांगला पाय लुळ्या पायाखाली अडकवून दोन्ही पाय आत. सीट पूर्ण मागे सरकवा, आणि दार सताड उघडेल अशी जागा शोधा.

घरापाशी गाडी भिंतीला चिकटून उभी राहायची, दार अर्धंही उघडत नसे. दार सताड उघडेल अशी जागा मास्तरांच्या माहितीत एकच होती : गोदामामागचं मैदान, जिथे त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. आधी जाऊन गाडी तिथे लावायची, पायी परत यायचं, मग बाईंना खुर्चीतून ढकलत न्यायचं. वाटेत न्हावी, धोबीण, किराणावाला, सगळे बघत. मास्तर मान वळवत नसत. मास्तरीणबाई मात्र डावा हात वर करून सगळ्यांना सलाम ठोकत जायच्या. पुष्कळ दिवसांनी बाहेर पडल्या होत्या. कुणाच्या दारात काय वाळतंय ते सगळं नजरेने टिपून घेत होत्या.

आणि तिथे, स्टीअरिंगच्या बाजूचं दार उघडून, मास्तर बाईंना बसवू लागले. कपाटावरचा स्टँड आता गाडीच्या टपावर, त्यात फिजिओबाई.

गोदामाच्या राखणदाराने लांबून पाहिलं. त्याला काय दिसलं? लुळी बाई, स्टीअरिंगमागे. टपावर शिकाऊ गाडीची लाल अक्षराची पाटी. आणि मास्तर दाराबाहेर, हात खिशात घालून, गाडीच्या टपाशी बोलतायत. राखणदाराने हे धोबिणीला सांगितलं, धोबिणीने काकूंना. काकूंना वाटलं, आपली मैत्रीण आपल्या डोळ्यांदेखत जाणार. काकूंच्या पोटात काही राहत नसे, पण त्यांची माया खोटी नव्हती, हेही नोंदवून ठेवायला हवं. त्यांनी मास्तरांच्या लेकीला फोन केला. बाई गं, तुझ्या बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय, तो तुझ्या आईला गाडी शिकवतोय.

लेकीला बापाचं गाडीवेड ठाऊक होतं, आणि आईची जुनी हौसही. त्यामुळे तिने ते खरं मानलं. सुट्टीची वाट न बघता ती निघाली. घरी कुलूप. काकूंनी खिडकीतूनच मैदानाकडे बोट केलं.

ती पोचली तेव्हा मास्तरीणबाई खुर्ची आणि गाडी यांच्यामध्ये उभ्या होत्या. दाराला धरून, वाकलेल्या, अंगाला कंप. कमरेला सीटबेल्ट, त्याचं दुसरं टोक मास्तरांच्या हातात ढिलं. मास्तरांचा दुसरा हात खिशात. लेकीने बॅग मातीत टाकली आणि धावली.

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण आयुष्यभर शिकाऊ लोकांना ओरडून सांगणारा बाप इतक्या हळू बोलतो, हे ऐकूनच लेक जागच्या जागी थांबली.

"बाबा, ती पडेल."

"पडत असली की मला कळेल. अजून पडत नाहीये."

बाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं मास्तरांच्या पायाकडे. उजवा पाय मातीत नुसता टेकलेला होता, सैल. मग त्यांनी डोकं खाली घातलं, बूड मागे नेलं, आणि सीटवर बसल्या. धप्पकन बसल्या, पण बसल्या. डावा पाय उजव्याखाली सारला, उचलला, अडकला, पुन्हा उचलला. दोन्ही पाय आत आले. टपावरून फिजिओबाईंचा आवाज आला, कुणी मला सांगेल का काय झालं? मला नुसतं आभाळ दिसतंय.

लेकीला रडू कोसळलं, आणि रडू आवरताच राग आला. माया असलेल्या माणसांचं असंच असतं. तिने बापाला धारेवर धरलं. हे मैदान कशाला, मला का नाही कळवलं, घसरली असती तर कोण होतं इथे, राखणदार? मास्तरही पेटले. तुला कळवलं असतं तर तू येऊ दिलं असतंस का, केंद्रात जागा धरून बसलेली तू. लेक म्हणाली, ती जागा अजून धरलेली आहे. मास्तर म्हणाले, सोडून दे. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे, मध्ये आई, आणि तिला कुठे ठेवायचं हे तिच्या डोक्यावरून ठरत होतं.

मास्तरीणबाई एकदा "बरं" म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला. फिजिओबाईंनी शिकवला होता तसा, मनगटाला धरून, ओझं सांभाळून. तो स्टीअरिंगच्या मधोमध ठेवला, त्यावर डावा हात ठेवला, आणि दोन्ही हातांनी दाबला. जुनी गाडी, तिच्या हॉर्नला किल्ली लागत नसे. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. राखणदार धावत आला. मास्तर आणि लेक गप्प झाले, आणि तरी बाईंनी हात उचलला नाही. दोघांची तोंडं पूर्ण मिटलीत याची खात्री झाल्यावरच उचलला. मग लेकीकडे बघून, मान ठामपणे आडवी हलवत, बोटाने घराची दिशा दाखवली.

"आईला काय म्हणायचंय?" लेकीने पुटपुटत विचारलं.

"तुला कळलंय," मास्तर म्हणाले.

लेक काही दिवस राहिली. सुरुवातीला तीच आईला उचलायला धावायची, आणि मास्तर म्हणायचे, हात खिशात. तिच्या कपड्यांना खिसा नव्हता, म्हणून तिने हात पाठीमागे बांधायला घेतले. फिजिओबाईंच्या चौकोनासमोर आता तिघं बसू लागली. जाताना लेकीने केंद्राला फोन करून जागा सोडली, आणि आईला सांगितलं की पुढच्या वेळी दारापर्यंत पोचवायला यायचं. आई म्हणाली, "बरं." हा होकार होता.

मास्तरांनी शिकवणी पुन्हा सुरू केली, सकाळची थोडी, काकू बाईंजवळ बसायच्या तेवढ्या वेळात. काकूंनाही मग पट्टा धरणं शिकावं लागलं, आणि मैत्रिणीला गल्लीची खबर पुरवणंही. बाई ऐकायच्या आणि एका शब्दात प्रत्येक बातमीचा निकाल लावायच्या. शिकाऊ लोक सांगतात की मास्तर आता पूर्वीइतका ब्रेक दाबत नाहीत. नुसता पाय वर धरून बसतात, आणि चेहरा असा, की कुणी दात उपटतंय.

बाकी खरं एवढंच. मास्तर बायकोला गाडी शिकवत नव्हते. बाईंची उजवी बाजू लुळी होती, डावी चांगली. चांगली बाजू गाडीकडे ठेवून बसायला सोपं जातं, आणि खुर्चीतून तसं बसायचं तर दार उजवीकडचं लागतं. उजवीकडचं मागचं दार अरुंद होतं. पुढचं रुंद होतं, आणि त्या दारात स्टीअरिंग होतं. गाडी बंद होती. किल्ली मास्तरांच्या खिशात होती, त्या हाताखाली.

हॉर्न बाईंनी मदतीसाठी वाजवला नव्हता. नवरा आणि लेक भांडत होते, म्हणून वाजवला होता.